पत्तेवाल्या ताई

डायलिसिसच्या खोलीत पहिल्यांदा आलेल्या माणसाला कोणी म्हणालं, "घाबरू नका हो, इथे पत्तेवाल्या ताई आहेत," की त्याचा हमखास गैरसमज व्हायचा. एका गृहस्थांनी तर खुर्चीवर टेकता टेकताच विचारलं होतं, "रमी की ब्रिज?" त्यांना वाटलं, चार तास एका जागी पडून राहायचं म्हणजे वेळ घालवायला इथे डाव बसत असणार. प्रत्यक्षात ताईंना पत्त्यांतला गुलाम आणि राजा वेगळे ओळखता येत नसत. त्या पत्ते द्यायच्या ते इंटरनेटवरचे. कोणत्या साइटवर काय बघण्यासारखं आहे, कुठे काय ऐकायला मिळतं, कुठली साइट रोजच्या उपयोगाची आणि कुठली नुसती थापाडी, हे त्या खोलीत ताईंना विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे.

ताईंचं खरं काम टेक्निशियनचं. लांबट खोली, भिंतीला लागून ओळीने खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी माणसाच्या खांद्याएवढं उंच मशीन. पेशंट आला की त्याचं वजन करायचं, हातात दोन सुया लावायच्या; एका नळीतून रक्त मशीनमध्ये जाणार, धुतलं जाऊन दुसरीतून परत येणार. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. तेवढा वेळ तो हात जागचा हलवायचा नाही. खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची पाठ आणि तिच्यावरून उतरलेले पाण्याचे पाइप. भिंतीवर एक टीव्ही होता. त्याच्या रिमोटवरून इतकी भांडणं व्हायची, की शेवटी डॉक्टरांनी रिमोट आपल्या खिशात ठेवायला सुरुवात केली, आणि एक दिवस तो खिशासकट धोब्याकडे गेला. तेव्हापासून टीव्ही बंद.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. ताईंना वाटलं, सुटलो. पण झालं उलटंच. लोक फोनवर दुसरं काही बघेनातच. आपल्याच आजाराचं वाचत बसायला लागले. त्यात सगळ्यात पुढे बसकाका. उभा जन्म त्यांनी शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. किडन्या गेल्यावर माणूस किती जगतो, याचे आकडे ते शोधून काढायचे आणि खोलीला मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा त्यांचे आकडे ऐकता ऐकता शेजारच्या खुर्चीवरच्या हेडबाईंचं ब्लडप्रेशर सरसर खाली आलं. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. कुणाच्या सांगण्याने घाबरायचा त्यांचा स्वभाव नव्हे. ताईंनी त्यांचे पाय वर केले, मशीन सारखं केलं, आणि तशाच बसकाकांपुढे जाऊन हात पसरला.

"द्या इकडे तो फोन."

"का?"

"आजाराचं काय विचारायचं ते मला विचारा, नाहीतर डॉक्टरांना. फोनवर बाकीचं जग बघा."

त्यांनी काकांना एक साइट लावून दिली. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घराच्या खिडकीतून जे दिसतं त्याचं थेट चित्रण तिथे चालू ठेवलेलं असतं. आपण बटण दाबलं की कुणाच्या तरी खिडकीशी जाऊन उभे. काकांच्या वाट्याला एक मागचं अंगण आलं: दोरीवर कपडे, भिंतीला टेकवलेली सायकल, आणि कुंपणावर एक मांजर.

"यात काहीच होत नाहीये," काका म्हणाले.

"तुमच्या आकड्यांत काय होत होतं?"

काका पुन्हा त्या अंगणाकडे बघू लागले. बराच वेळ खोलीत मशीनच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. आणि मग एकदम काकांचा बसमधला आवाज फुटला, "अहो पाऊस आला! कपडे! कोणीतरी कपडे काढा!" दोन-तीन पेशंट दचकून जागे झाले. नर्स धावत आली. पण त्या दिवसापासून काकांनी आकड्यांचं नाव काढलं नाही. आले की सुया लागायच्या आत विचारायचे, "आज कुणाच्या घरी जायचं?"

ताईंचा हा नाद तसा जुना. त्यांची आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि छताच्या एका ओल्या डागाकडे बघत पडलेली असायची. त्या डागाला ती रोज नवीन नाव द्यायची. कधी घोडा, कधी तिच्या नणंदेचं नाक. आई गेल्यावर ताईंच्या मनात ते राहून गेलं, की पडून राहिलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवं, आणि ते डागापेक्षा बरं हवं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायच्या, आणि ड्युटीवरून आल्या की जेवणाच्या टेबलाशी बसून नवीन साइट पारखायच्या. पारखण्याची रीत ठरलेली. साइट फुकट हवी. नाव-गाव-नंबर मागणारी नको. मध्येच कर्कश जाहिरात ओरडणारी तर मुळीच नको. आणि मुख्य म्हणजे एका हाताने चालवता आली पाहिजे, कारण दुसरा हात मशीनचा. म्हणून त्या आपला डावा हात टॉवेलने खुर्चीच्या दांड्याला बांधायच्या आणि उजव्या हाताने सगळं करून बघायच्या.

"वन्सं, सोडू का हात?" वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या. "जेवायला वाढलंय."

"थांबा हो, जरा मोठ्यांदा हसू येतं का ते बघतेय."

"मग मला आधी सांगा. मागल्या वेळी तुम्ही एकट्या हसायला लागलात तर हे घाबरून बाहेर आले."

ही हसण्याची चाचणी उगीच नव्हती. पूर्वी ताईंनी एका पेशंटला विनोदांची साइट दिली होती. तो गृहस्थ इतका गदगदून हसला की सुई सरकली, मशीन बोंबललं, आणि अर्धा तास निस्तरण्यात गेला. तेव्हापासून नियम: पोट हललं तर चालेल, हात हलता कामा नये.

हेडबाईंची नजर अधू झाली होती. त्यांना ताईंनी जुनी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारी साइट दिली. कुणीकुणी हौसेने वाचलेली. हेडबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "'श' म्हण नीट. पोटफोड्या 'ष' नको." कुठल्या फळात किती पोटॅशियम ते सांगणारी साइट तर सगळ्यांकडेच होती, त्यावरून घराघरांत सुनांशी वाद मिटले, काही ठिकाणी नवीन सुरू झाले. बिघडलेल्या वस्तू उघडून कशा दुरुस्त करायच्या ते दाखवणारी साइट बघून बसकाकांनी घरचा पंखा चालू केला. इस्त्री मात्र कायमची बंद पडली. एकदा डॉक्टरही राउंड संपवून घुटमळले. "ताई, माझ्यासाठी आहे का काही?" ताईंनी त्यांना नुसत्या पावसाचा आवाज ऐकवणारी साइट लावून रिकाम्या खुर्चीवर बसवलं. डॉक्टर पाच मिनिटांत झोपले. दुपारच्या पाळीची नर्स आली ती त्यांनाच पेशंट समजून वजनाच्या काट्याकडे न्यायला लागली.

ताईंच्यात एक खोड होती. समोरच्याला काय हवं आहे ते त्याच्याआधी आपल्याला कळतं, असं त्यांना वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. म्हणून ती खोड आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

मग मावशी आल्या.

मावशी शिवणकाम करायच्या. बारीक चणीच्या, ताठ पाठीच्या, बोटांच्या टोकांवर सुईच्या खुणा. सुया लावताना लोक तोंड फिरवतात. त्या मात्र ताईंच्या हाताकडे टक लावून बघत होत्या, जणू टाका सरळ पडतोय की नाही ते तपासत होत्या. एकट्या यायच्या, एकट्या जायच्या. भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

"मावशी, काही बघायला देऊ का?"

"नको."

पुढच्या खेपेला, "मग ऐकायला?"

"नको."

"मग काय हवं तुम्हाला?"

"शांतता."

बसकाकांना ठसका लागला. ताईंनी तेवढ्यापुरता नाद सोडला, पण मनातून नाही.

एक दिवस मशीन चालू असताना मावशींच्या पिशवीतला फोन वाजला. पिशवी पायाशी. मावशींची धडपड सुरू झाली तशी ताईंनी धावत जाऊन फोन काढला आणि त्यांच्या कानाला लावला. पलीकडून एका तरुणाचा आवाज आला, तुटक तुटक. आणि मावशींचा चेहरा असा उजळला, की त्या बाई त्या नव्हेतच.

"हो रे, घरीच आहे. काय करणार, शिवत बसलेय. मशीनचा आवाज येतोय ना? तेच. तू जेवलास का? लांबून बोलल्यासारखा येतोय आवाज... बरं, बरं. ठेव."

ताईंनी फोन पिशवीत ठेवला. मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलगा आहे. मालवाहू जहाजावर. माझं हे त्याला माहीत नाही. करार संपेपर्यंत त्याला उतरता यायचं नाही, मग भर समुद्रात त्याच्या डोक्याला घोर कशाला? तुम्ही ऐकलंत म्हणून सांगितलं. कुणाला बोलायचं नाही."

"माझ्या तोंडून जाणार नाही," ताई म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या.

पण आता त्यांना सापडलं होतं, मावशींना काय द्यायचं ते. जगातली जहाजं कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारी साइट त्यांना ठाऊक होती. जहाजाचं नाव मावशी ज्या पद्धतीने म्हणायच्या त्यावरून कुणालाच उलगडा होईना. शेवटी मुलाने पाठवलेल्या एका फोटोत, त्याच्या डोक्यामागे, जहाजाच्या नाकावर रंगवलेली अक्षरं दिसली. ताईंनी ती टाइप केली. निळ्या नकाशावर असंख्य छोटे बाण होते. त्यातला एक मोठा झाला.

मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "यात आहे तो?"

"यात आहे."

"कुठे चाललाय?"

ताईंनी बंदराचं नाव वाचून दाखवलं. मावशींनी बोटाने बाणाला हळूच स्पर्श केला, तर नकाशा सरकला आणि त्या घाबरून म्हणाल्या, "अगंबाई, मी ढकललं की काय!"

खोली खळखळून हसली. आणि मावशीही हसल्या. त्यानंतरचे आठवडे त्या खोलीतले सगळ्यात गजबजलेले. मावशींचं जहाज म्हणजे सगळ्यांचं जहाज झालं. आल्याबरोबर बसकाका विचारायचे, "गाडी कुठवर आली?" बंदर जवळ आलं की ते आपल्या खिडक्यांच्या साइटवर त्या शहरातली खिडकी शोधायचे, म्हणजे मावशींना तिथलं हवामान कळावं. "ऊन आहे हो, चांगलं कडक. पोराला टोपी घालायला सांगा." हेडबाई त्या देशाची माहिती सांगायच्या, कुणी विचारली नसली तरी. मावशी भिंतीकडे तोंड करायच्या बंद झाल्या. ताई सुया लावता लावता सगळं ऐकायच्या आणि मनातल्या मनात आपलीच पाठ थोपटायच्या.

मग एके दिवशी बाण जागचा हललाच नाही. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की जहाजाची शेवटची खबर मिळून दोन दिवस झाले. पुढच्या खेपेलाही बाण तिथेच, भर समुद्रात. आजूबाजूला दुसरा बाण नाही, किनारा नाही.

ताईंनी समजावलं, "अहो, किनाऱ्यावर यंत्रं बसवलेली असतात, ती जहाजाचा संदेश ऐकतात. जहाज लांब गेलं की त्यांना ऐकू येत नाही, एवढंच. जहाज चालूच आहे."

"मग इतके दिवस कसं दिसत होतं?"

"तेव्हा किनाऱ्याजवळ होतं."

"तुम्ही माझी समजूत घालताय."

"नाही हो मावशी, खरंच."

पण मावशींना ते पटलं नाही. घरी डोळ्याला डोळा लागेना. शिवायला घेतलेले कपडे तसेच पडून राहिले. पूर्वी मुलाचा फोन दोन-दोन आठवडे आला नाही तरी त्या निवांत असायच्या. जहाज बंदराला लागल्याशिवाय तो फोन करत नाही हे ठाऊक होतं. आता हातात नकाशा होता, आणि नकाशात थांबलेला बाण होता. खुर्चीवर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, ब्लडप्रेशर घसरायला लागलं. एकदा तर मध्येच म्हणाल्या, "काढा त्या सुया, मला घरी जायचंय." ताई त्यांचे पाय चोळत होत्या आणि आतून शरमेने अर्ध्या झाल्या होत्या. या बाईंनी शांतता मागितली होती. आपण त्यांना काळजी करायला एक नवीन जागा दिली.

हे आपणच निस्तरायचं, असं ताईंनी ठरवलं. मुलाला जहाजावर पाठवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसचा नंबर त्यांनी शोधून काढला आणि दोन पाळ्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात कोपऱ्यातल्या टेबलावरून फोन लावला. एका मुलीने उचलला. कोण बोलतंय, काय नातं, असं तिने विचारलं. वर्षानुवर्षं त्या टेबलावरचा फोन उचलून जे बोलायची सवय, तेच ताईंच्या तोंडून गेलं: "मी हॉस्पिटलमधून बोलतेय, डायलिसिस विभाग. त्यांच्या आई आमच्याकडे असतात."

ती मुलगी भली होती. तिने चौकशी करून सांगितलं, जहाज व्यवस्थित आहे, दोन-तीन दिवसांत बंदराला लागेल. "तुमचा निरोपही पोचवते," म्हणाली. ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच मावशींना घरी फोन करून सांगितलं. मावशी फोनवर रडल्या. "किती उपकार झाले," म्हणाल्या. आपण काय बोलून बसलो आहोत, याचा ताईंना पत्ताही नव्हता.

पुढच्या पाळीला सगळ्यांच्या सुया लावून झाल्या आणि टेबलावरचा फोन वाजला. ताईंनी उचलला.

"डायलिसिस विभाग?" तरुण आवाज. "मी जहाजावरून बोलतोय, आत्ताच बंदराला लागलोय. माझी आई तिथे काय करते?"

ताई रिसीव्हर टेबलावर ठेवून मावशींच्या खुर्चीशी गेल्या.

"मावशी, मुलाचा फोन आहे."

मावशींनी पिशवीकडे बघितलं. "माझा नाही वाजला."

"इथल्या फोनवर."

"इथला नंबर त्याला कोणी दिला?"

बसकाकांनी हातातला फोन उपडा ठेवला. हेडबाईंच्या कानात कुणीतरी पुस्तक वाचत होतं, ते त्यांनी बंद केलं. टेबलावरच्या फोनची तार खुर्चीपर्यंत पोचत नव्हती. शेवटी ताईंनीच मुलाला आईच्या फोनवर करायला सांगितलं. तो वाजला तेव्हा ताई पिशवीकडे वाकल्या, पण मावशी म्हणाल्या, "राहू द्या. मी घेते." आणि मोकळ्या हाताने, पायाच्या अंगठ्याने पिशवी ओढून, त्यांनी तो काढला.

"हो," मावशी म्हणाल्या. "हो... तीनदा... नाही रे, दुखत नाही फारसं." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक हात मशीनला, दुसऱ्यात फोन. पुसायला हात नव्हता. ताईंची पुढे व्हायची छाती झाली नाही.

फोन संपल्यावर मावशींनी एवढंच म्हटलं, "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

पुढच्या आठवड्यापासून मावशींनी आपली पाळी दुपारची करून घेतली. दुपारी दुसऱ्या टेक्निशियनची ड्युटी असे.

ताईंनी पत्ते देणं बंद केलं. सुया लावायच्या, आकडे लिहायचे, पुढच्या खुर्चीकडे वळायचं. कोणी काही विचारलं तर म्हणायच्या, "मला काही माहीत नाही हो हल्ली." घरी टॉवेल दोरीवरच वाळत राहायचा. खोलीत पुन्हा आजाराच्या गप्पा सुरू झाल्या. बसकाकांनी काही दिवस कळ काढली आणि मग एकदा वजनाच्या काट्यावर उभे राहूनच म्हणाले, "ताई, माझी बस एकदा भिंतीला घासली होती. म्हणून काय पोरांनी चालत शाळेत जायचं?"

"तुमच्या बसमध्ये कुणाचं मन मोडलं नव्हतं."

"बंपर मोडला होता," काका म्हणाले. ताईंना हसू आलं, पण त्या ऐकल्या नाहीत.

ऐकलं ते वहिनींचं. भांडी पुसता पुसता वहिनींनी विचारलं, "माफी मागितलीत का त्यांची?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ताई घरी गेल्या नाहीत. दुपारची पाळी सुरू झाली तशी त्या मावशींच्या खुर्चीशी स्टूल ओढून बसल्या. फोन त्यांनी मुद्दाम लॉकरमध्ये ठेवला होता.

"मावशी, माझं चुकलं. मुद्दाम नाही केलं, पण चुकलं. आणि ते जहाजाचंही. तुम्ही मागितलं नव्हतंत."

मावशी छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला संशय होताच. म्हणाला, 'आई, तुझ्या मशीनच्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालो. फोनवर ऐकू येतं ते आपलं मशीन नव्हे, एवढं कळत नाही का मला? कुणा दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जातेस की काय, या काळजीने झोप नव्हती मला.' म्हणजे मी इकडे लपवतेय आणि तो तिकडे कुढतोय."

मावशींनी मान ताईंकडे वळवली.

"कळलं ते बरं झालं," मावशी म्हणाल्या. "आता फोन केला की रोज काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, सगळं विचारतो. कटकट आहे नुसती. पण तुम्ही सांगितलंत त्याचा राग आहे मला अजून. तो जाईल तेव्हा जाईल."

"चालेल," ताई म्हणाल्या.

त्या उठायला लागल्या तसं मावशींनी विचारलं, "ते जहाज नको मला आता. बघत बसलं की हातून काम होत नाही. दुसरं काही असतं का?"

ताईंच्या जिभेवर तीन-चार साइट आल्या होत्या. त्या त्यांनी गिळल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. "काय हवं तुम्हाला?"

मावशींनी नीट विचार केला. कोणी असं विचारेल, याची त्यांना सवय नसावी. "कपडे," म्हणाल्या. "विकायचे नव्हेत. जुने, चांगल्या हाताने शिवलेले. आणि आतून दाखवलेले. बाहेरून काय, सगळेच छान दिसतात. शिवण कळते ती आतून."

हे मात्र ताईंकडे नव्हतं. किती तरी संध्याकाळी त्यांनी शोधाशोध केली. टॉवेल पुन्हा खुर्चीच्या दांड्याला आला. विकणाऱ्यांच्याच साइट निघायच्या. नाहीतर सुंदर बायका उभ्या, आणि शिवण कुठेच नाही. शेवटी एका संग्रहालयाची साइट सापडली. शेकडो वर्षांपूर्वीचे झगे, कोट, मुलांची झबली, सगळं उलटं करून, अस्तरासकट फोटो काढलेले. आणि चित्र मोठं करत गेलं की एकेक टाका तांदळाएवढा दिसायचा. एका हाताने चालत होती.

मावशींनी ती बघितली आणि दोन खेपा कुणाशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांनी पाळी पुन्हा सकाळची करून घेतली. "दुपारच्या उजेडात फोनचा पडदा नीट दिसत नाही," असं कारण सांगितलं. सकाळचे लोक शहाणे; कोणी काही विचारलं नाही.

करार संपला आणि मुलगा घरी आला. पहिल्याच दिवशी आईबरोबर खोलीत आला. चांगला उंचापुरा, मानेपर्यंत रापलेला, आणि हॉस्पिटलात सगळे करतात तसं उगीच पावलं न वाजवता चालणारा. ताई सुया लावत होत्या तेव्हा तो भिंतीकडे बघत उभा राहिला.

"इकडे बघ," मावशी म्हणाल्या. "यात भिण्यासारखं काय आहे? हात बघ यांचा, किती हलका आहे."

नंतर तो ताईंच्या टेबलाशी आला. ताई अवघडल्या. "तुम्ही फोन केला नसतात तर..." त्याने सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडली. मग म्हणाला, "आई सांगते, तुमच्याकडे सगळ्यांसाठी काहीतरी असतं. आमच्या जहाजावर सगळे वेगवेगळ्या देशांचे. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. जेवायला बसतात आणि जो तो आपापल्या फोनमध्ये. इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. तिथे चालेल असं काही आहे का?"

"सगळ्यांनी मिळून करायचं?"

"हो. आणि बोलावं लागणार नाही असं."

ताईंनी खुर्ची ओढून त्याला बसायला लावलं. एकाने चित्र काढायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं, असा एक खेळ होता. एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालायचा, एकाच फोनवर सगळ्यांना खेळता यायचा. त्या दोघांनी तिथेच खेळून बघितला. मुलाने काहीतरी काढलं. ताई म्हणाल्या, "बूट." तो म्हणाला, "जहाज आहे हो ते." पलीकडून बसकाका ओरडले, "मला दाखवा, मला दाखवा," आणि त्यांनी बघून सांगितलं की ही इस्त्री आहे. त्यावर हेडबाईंनी जहाज कसं काढतात याची तोंडी कृती सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात मावशींनी हाक मारली. "ते राहू द्या जरा. ताई, इकडे ये बरं, हे मोठं करून दे मला. हा झगा शिवणाऱ्या बाईने बाही कशी बसवलीय बघ, एक सुरकुती नाही. आणि तूही ये रे. शिवणाऱ्याच्या घरातला तू, तुला हे कळायला पाहिजे."

मावशी आपल्याला 'अगं-तुगं' करायला लागल्या आहेत, हे ताईंच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. मग त्या हातमोजे काढत लगबगीने खुर्चीकडे गेल्या. मायलेकांच्या मध्ये वाकून त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि तिघं मिळून ती बाही बघू लागली.